दादा, तुझी छाती ऐकायची राहून गेली

दादा, तुझ्यावर काहीतरी चांगलं लिही, असं सगळे मला सांगताहेत. शाळेत शिकवतेस, तुला लिहिता येतं, म्हणून. चांगलंही लिहीन, पण आधी भांडणार आहे. तुला जाऊन दोन महिने झाले आणि तुझ्याशी न भांडता मी इतके दिवस कधी राहिले नव्हते. एकदा महिनाभर अबोला धरला होता, पण तोही भांडणाचाच एक प्रकार होता.

तुझा जन्म कधीचा, जीपचा धंदा कधी सुरू केलास, मागे कोण कोण आहे, हे सगळं वहिनींनी तेरवीच्या पत्रिकेत छापलंय. ज्याला हवं त्याने तिथे वाचावं. मला ते सायकलपासून सुरू करायचंय.

मी सतरा वर्षांची होते. आपला जिल्हा नुकताच औरंगाबादपासून वेगळा झाला होता आणि आबा सगळ्यांना सांगायचे, आता सगळं जवळ येईल. जवळ काहीच आलं नाही. मला ताप आला तेव्हा तू घनसावंगीपर्यंत सायकलवर डबल सीट नेलंस. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या छातीवर नळी ठेवली आणि ती बराच वेळ उचललीच नाही. मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तुला आत घेतलं. तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा असा होता की मला वाटलं, मी आता दोन-चार दिवसांचीच पाहुणी आहे.

वाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडली असणार, असं त्यांनी तुला सांगितलं होतं. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनची सुई, पंचविशीपर्यंत तरी. एकवीस दिवस मोजत बसणं तुझ्याच्याने होणार नव्हतं. तू सोपा हिशेब काढलास. आठवड्याचा बाजार सातव्या दिवशी भरतो, म्हणजे दर तिसऱ्या बाजारी सुई. सात वर्षं तू एकही तिसरा बाजार चुकू दिला नाहीस. पेरणी चालू असो, पाव्हणे आलेले असोत, तुझं स्वतःचं लग्न चार दिवसांवर आलेलं असो. आबांना शेत सुटत नव्हतं आणि आईला दवाखान्याचं नाव काढलं तरी कापरं भरायचं, म्हणून तू. सुई इतकी दुखायची की येताना मला कॅरिअरवर बसता यायचं नाही. मग तू गुळातल्या गुडीशेवेचा पुडा माझ्या हातात द्यायचास आणि सायकल हातात धरून सगळी वाट माझ्यासोबत चालत यायचास. मी लंगडत, तू मुद्दाम माझ्याहून हळू. तेव्हा मला तुझा राग यायचा, कारण सुईला घेऊन जाणाराही तूच होतास. आज ती वाट आठवली की हात जोडावेसे वाटतात.

पण सुईपेक्षा तुझे नियम जास्त टोचायचे. पळायचं नाही. घागर उचलायची नाही. पंचमीला सगळ्या पोरी झोक्यावर उभ्या राहून खिदळायच्या आणि मी लिंबाखाली बसून त्यांच्या चपला राखायची. हसताना जोरात हसले तरी तू म्हणायचास, "हळू हस ना बाई." डी.एड.ला जायला तुझ्या परवानगीची चार वर्षं वाट पाहिली. शेवटी आई तुझ्यावर ओरडली तेव्हा सोडलंस, तेही रोज तुझ्या जीपमधून जायचं-यायचं या बोलीवर. तोवर तू सायकलवरून जीपवर आला होतास. पुढची खिडकीकडची सीट माझी. तिथे बसायला आलेल्या सरपंचालाही तू मागे पाठवलं होतंस.

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी पाठ घ्यायला उभी राहिले की छातीत धडधड सुरू व्हायची, कधी डाव्या बाजूला सुईसारखं टोचायचं. तुला सांगायची भीती, कारण सांगितलं की डी.एड. बंद. पण जीपमध्ये मी छातीवर हात ठेवलेला तू गाडी चालवताना पाहिलास. तुझ्या सवाऱ्यांपैकी कुणीतरी जालन्याच्या डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी आपण त्यांच्यासमोर होतो.

त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. कधी सांधे सुजले होते का? कधी चक्कर येऊन पडलीस का? चहा किती घेतेस, झोप किती? मग झोपवून ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं, बसवून ऐकलं. नंतर म्हणाल्या, उकिडवी बस. मला हसू आलं. जालन्यापर्यंत येऊन डॉक्टर आपल्याला चुलीसमोर बसायला सांगतात असं वाटलं. मी बसल्यावर त्या स्वतः माझ्याजवळ वाकल्या, ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, आता पटकन उभी राहा. असं तीनदा केलं. मग खिशातलं बॉलपेन काढून त्यांनी त्याचं बटण दाबलं. टक्. असा आवाज हिच्या छातीत आहे, म्हणाल्या. झडपेला दोन पाकळ्या असतात, हिची एक जरा मोठी आणि ढिली आहे, ठोक्याच्या वेळी मागे फुगते आणि टक् करते. बसली की आवाज उशिरा येतो, उभी राहिली की लवकर येतो. ही वाताची झडप वाटत नाही मला. हिचा जन्मच असा असेल.

औरंगाबादला जाऊन एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून आणला. त्यात तेच निघालं, मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स, झडपेतून मागे रक्ताची गळती अगदी मामुली. बाई म्हणाल्या, सुया बंद. हिला पळू दे, पाणी भरू दे, नोकरी करू दे, लग्न करू दे, लेकरं होऊ दे. चहा कमी कर, उन्हाळ्यात पाणी भरपूर पी, जागरण नको. धडधड फारच झाली तर ही छोटी गोळी. दात काढायचा असेल तर तासभर आधी कॅप्सूल, म्हणजे तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसणार नाहीत. आणि दोन-तीन वर्षांनी मला छाती दाखवून जा, म्हणजे गळती वाढली तर वेळेत कळेल.

तू तो कागद उलटासुलटा करून पाहिलास. मग म्हणालास, "मंग मी सात वर्षं काय केलं मॅडम?"

"जे सांगितलं ते केलंत," त्या म्हणाल्या. "नुसत्या नळीवर हे ओळखणं सोपं नाही. आणि तेव्हा एको कुठे होता?"

"अन् सुया बंद केल्या अन् काई झालं तर?"

"तर मी आहे."

मग त्या सहज म्हणाल्या, हे भावंडांत असतं, तुम्हीही या वर, दोन मिनिटांचं काम. तू दोन पावलं मागे सरलास. "माझ्या छातीला काय धाड भरली मॅडम? पोती चढवतो मी टपावर. अन् जीप लावून आल्तो, सवाऱ्या खोळंबून राह्यल्या."

दादा, इथे माझी चूक आहे. मी तुला दंडाला धरून त्या टेबलावर ढकलायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त मी होते. मी आजारी नाही, हे सात वर्षांनी कळलेल्या मुलीला दुसऱ्या कुणाचं काय सुचणार? बाहेर आल्याबरोबर मी रस्त्यावरून जीपपर्यंत धावत गेले. तू मागून ओरडलास, "अगं हळू, पडशील." मला वाटलं, माझ्या सुटकेवर तू खूश नाहीस. तू घाबरला होतास, हे कळायला मला फार वर्षं लागली.

सुया बंद झाल्या, तू बंद झाला नाहीस. बाईंनी चहा कमी कर म्हटलं, तू घरातून चहाच हद्दपार केलास आणि स्वतः स्टँडवर जाऊन सहा-सहा कप पीत बसलास. माझी अक्कलदाढ काढायची होती तेव्हा तर कहर. दाताच्या डॉक्टरांच्या दारात तू एका हातात कॅप्सूल, एका हातात पाण्याचा गिलास आणि नजर घड्याळावर. कॅप्सूल घेऊन पन्नासच मिनिटं झाली आणि आतून माझं नाव पुकारलं, तर तू दार अडवून उभा. "धा मिनिटं थांबा सायेब. जल्दी न्हाई आपल्याला." ते डॉक्टर हसले आणि खरोखर दहा मिनिटं थांबले.

आणि आपला अबोला. पाहुणे मला बघायला आले होते, पोहे झाले होते, सगळं जमत आलं होतं. आपल्याकडे मुलीचं साधं दुखणंही कुणी सांगत नाही, छातीचं तर नाहीच. मामांनी तुला आधी बजावलं होतं. तरी तू पाहुण्यांसमोर घसा खाकरलास. "पोरगी गुणाची हाये. पण तिच्या दिलाच्या व्हॉल्व्हला जराशी ढिलाई हाये. मॅडम म्हणत्या काई होत न्हाई. तरी सांगून ठेवतो." बश्या खाली ठेवल्या गेल्या. त्यांनी पाहुण्यांपुरता मांडलेला चहाही घेतला नाही. मी आतून बाहेर आले आणि तुझ्यावर तुटून पडले, "कामून सांगितलं? काई न्हाई म्हणल्या ना मॅडम?"

"काई न्हाई तर मंग लपवायचं कामून?" तू म्हणालास. "उद्या दोन लेकरांसगट माघारी धाडलं तर?"

मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. तू रोज मला जीपमधून डी.एड.ला सोडत होतास आणि रोज एकटाच बोलत होतास. आणखी एक स्थळ असंच गेलं. तिसरे पाहुणे वाटूरचे. तू तेच सांगितलंस. मुलगा गुरुजी होता, त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "माझ्या डोळ्याचा नंबर लई मोठा आहे. तोपण सांगून ठेवतो." त्या माणसासोबत मी आज सुखात आहे. लपवून लग्न झालं असतं तर प्रत्येक धडधडीला मी दार लावून घेतलं असतं. इथे धडधड झाली की हे पाण्याचा तांब्या देतात आणि वही तपासत बसतात. दादा, त्या अबोल्याची माफी मी कधी मागितली नाही. आता मागते.

माझी दोन बाळंतपणं झाली, दोन्ही नीट. दोन-तीन वर्षांनी मी जालन्याला छाती दाखवत राहिले, गळती होती तेवढीच राहिली. आणि दर वेळी बाई विचारायच्या, भाऊ आला नाही का? दर वेळी तू जीपमध्ये बाहेर बसलेला असायचास.

मग तू टपावर पोती चढवताना अर्ध्यात थांबायला लागलास. विचारलं की सरकीची धूळ. वहिनी म्हणाल्या, हल्ली दोन उशा लागतात. तू म्हणालास, पोट सुटलं. त्या उन्हाळ्यात तू वाटूरला आलास, जेवून दुपारी पडवीत आडवा झालास. मी पंख्याचा वारा येतो का बघायला आले आणि न राहवून तुझ्या छातीवर तळहात ठेवला. आत मांजर घुरघुरावं तसं काहीतरी घुरघुरत होतं. तू डोळे उघडलेस.

"काय करून राह्यली?"

"दादा, तुझ्या छातीत घुरघुरतंय."

"बिडी हाये ती," म्हणालास आणि कूस बदललीस.

मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं स्वतःची छाती दाखवून मला एवढं कळत होतं की बिडीची घुरघुर अशी हाताला लागत नाही. त्याच दिवशी मी रडून, ओरडून, तुझी चप्पल लपवून तुला न्यायला हवं होतं. सात वर्षं तू मला माझ्या मनाविरुद्ध नेलंस, मी तुला एकदाही नेऊ शकले नाही. मी समजावत राहिले. मोठ्या भावाला जबरदस्ती कशी करायची, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या भाऊबीजेला मी तुला ओवाळलं आणि ताट खाली ठेवलंच नाही. म्हटलं, "साडी नको. जालन्याला एक चक्कर दे. देत न्हाई तवर ताट खाली ठेवत न्हाई." तू हसलास, वहिनींकडे पाहिलंस, पिशवीतली साडी काढलीस आणि माझं तोंड बघून पुन्हा आत ठेवलीस. निरांजन फडफडत होतं आणि माझे हात दुखायला लागले होते. शेवटी तू उजवा हात ताटात ठेवलास. "बरं बाई. ही घे ओवाळणी. ऊसतोडीचा सीझन झाला की येतो. बिलकुल येतो." एवढ्या वर्षांत तू पहिल्यांदाच हो म्हणाला होतास. सीझन म्हणजे चार महिने, हे मी मोजलंच नाही.

पौषात सकाळी नऊच्या सुमाराला वडीगोद्रीच्या अलीकडे तुला एकदम दम लागला. जीपमधल्या एका मावशींनी मला नंतर सांगितलं, दादानं गाडी पहिले रोडच्या कडंला घेतली, हँडब्रेक ओढला, अन् म्हणला, जरा दम घेतो, तुम्ही बसा. सवाऱ्यांतल्याच एकाने जीप चालवत तुला जालन्याला नेलं. मी वाटूरहून पोचले तेव्हा तू बसलेला होतास, तोंडावर ऑक्सिजन, ओठ निळे, आणि श्वासाबरोबर आत पाणी खळखळत होतं. बोलता येत नव्हतं तरी तू हाताने खुणावलंस, हिला खुर्ची द्या.

बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा तुझी छाती ऐकली. झडपेला ताणून धरणाऱ्या दोऱ्या असतात, त्यातली एक तुटली, असं त्यांनी सांगितलं. जे माझ्यात मामुली राहिलं ते तुझ्यात वर्षानुवर्षं वाढत गेलं होतं. त्यांनी जे करता येईल ते सगळं केलं, मुंबईला फोनही लावला. दुपार उलटली आणि तू गेलास. तू आधी आला असतास तर झडप शिवून वाचला असतास का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघी त्यांच्या खोलीत बसलो होतो आणि त्या रडत होत्या, एवढंच सांगते.

आता तुझ्या शीतलचं. तेरवी झाल्यावर मी वहिनींना म्हटलं, मी लेकीला नेते, आणि या वेळी कुणाचं ऐकणार नाही. ती अंबडला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, कबड्डीच्या टीममध्ये, तुझ्यासारखीच टाळणारी. "आत्या, मला काई होत न्हाई," म्हणाली. मी तिला दंडाला धरलं आणि जालन्याला बाईंच्या टेबलावर बसवलं. त्यांनी झोपवून, बसवून, उकिडवं बसवून, उभं करून ऐकलं. टक् आहे. वहिनींनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मग एको झाला, कार्डिओग्राम झाला, छातीला तारा चिकटवून एक दिवस ती यंत्र कमरेला बांधून हिंडली. गळती नाही. ठोके सरळ. कधी चक्कर नाही. बाईंनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, दर वर्षी दाखवायचं, बाकी खेळायला हरकत नाही.

"तरी बंदच करते मी कबड्डी," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. शीतलनेही पाहिलं. दादा, माझ्या जिभेवर 'बंद' हाच शब्द होता. अगदी तुझ्या आवाजात. मी तो गिळला आणि म्हटलं, खेळू द्या वहिनी.

परवा परतूरला तिचा सामना होता. वहिनींच्याने येववलं नाही, मी एकटीच मैदानाच्या कडेला जाऊन बसले. ती चढाईला गेली. श्वास रोखून, कबड्डी कबड्डी म्हणत, रेषेच्या पार आत. चौघींनी तिला घेरलं, एकीने पाय धरला, ती तोंडावर पडली आणि क्षणभर उठलीच नाही. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, हळू. आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. तेवढ्यात ती सरपटत रेषेला हात लावून उठली, अंगाची माती झटकली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मी मात्र कडेलाच बसून राहिले. दादा, तू सात वर्षं रोज असा बसलास, आणि मी तुला जेलर म्हणत होते. मला आता तुझी भीती कळली, सगळी कळली. तरी पुढच्या सामन्याला मी तिला पाठवणार आहे. तुला हे पटणार नाही. ये ना, भांड ना माझ्याशी.